मायक्रोआरएनए-३३ आणि भारतीय रोहिणी

रोहिणीच्या आतल्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल, ते गिळून फुगलेल्या भक्षक पेशी आणि तंतुमय ऊती यांचा थर वर्षानुवर्षे साचत जाणे म्हणजे रोहिणीकाठिण्य. नागपूरचे प्रशांत जोशी, बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रेम पैस व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये दाखवले की दक्षिण आशियाई देशांत हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत ५८.८ व्या वर्षी. बेंगळुरूतच थ्रॉम्बोसिस रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये विजय कक्कर यांच्या पुढाकाराने जो भारतीय रोहिणीकाठिण्य अभ्यास उभा राहिला, त्यात रुग्णांबरोबर त्यांच्या नातलगांचीही तपासणी झाली. नातलगांनाही तपासण्याच्या या निर्णयाचे मोल आज मायक्रोआरएनए या रेणूंमुळे अधिक जाणवते.

मायक्रोआरएनए हा सुमारे २२ घटकांचा इवलासा आरएनए असून तो स्वतः प्रथिन घडवत नाही. जनुकाचा निरोप नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटून तो प्रथिनाची निर्मिती रोखतो किंवा मंदावतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत त्याचा शोध लावला आणि २०२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रोहिणीकाठिण्याच्या संदर्भात सर्वांत अर्थपूर्ण ठरते ती मायक्रोआरएनए-३३ ची जोडी. तिचा 'अ' प्रकार कोलेस्टेरॉलची निर्मिती चालवणाऱ्या जनुकाच्या आतच दडलेला आहे, तर 'ब' प्रकार मेदाम्ले घडवणाऱ्या आणि इन्सुलिनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकात आहे. २०१० मध्ये स्पष्ट झाले की हे रेणू पेशीतले कोलेस्टेरॉल बाहेर काढणारे प्रथिन दडपतात, ज्यामुळे हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल घटते. शिवाय मेदाम्लांचे ज्वलन आणि इन्सुलिनचा संदेश यांनाही ते आवर घालतात. कमी एचडीएल, वाढलेली ट्रायग्लिसराइडे आणि इन्सुलिनला मिळणारा मंद प्रतिसाद हे त्रिकूट भारतीय रुग्णांत नेहमी आढळते, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्णिलेल्या, दिसायला सडपातळ पण चरबीने समृद्ध अशा भारतीय देहाशीही ते जुळते. मात्र उंदरांत 'ब' प्रकार नसतोच, म्हणून उंदरांवरील प्रयोगांवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. २०११ मध्ये आफ्रिकी हिरव्या माकडांत दोन्ही प्रकार दडपल्यावर एचडीएल वाढले आणि ट्रायग्लिसराइडे उतरली. उलट मायक्रोआरएनए-३३ विरहित उंदीर चरबीयुक्त आहारावर लठ्ठ झाले व त्यांच्या यकृतात चरबी साचली.

इतर रेणूंपैकी मायक्रोआरएनए-१२२ यकृतातील कोलेस्टेरॉलशी, १२६ रोहिणीच्या अस्तराच्या रक्षणाशी, ३७५ स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवण्याशी, तर १०३ आणि १०७ इन्सुलिनच्या संवेदनशीलतेशी निगडित आहेत.

हे रेणू रक्तातही मोजता येतात, पण तांबड्या पेशी फुटल्या तर मोजणी बिघडते, आणि झटक्यानंतर रुग्णांना सर्रास दिले जाणारे हेपॅरिन चाचणीतील रासायनिक क्रियेलाच अडथळा आणते. त्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या रक्तातून विकाराचे कारण आणि परिणाम वेगळे करणे कठीण जाते. पण भारतीय रोहिणीकाठिण्य अभ्यासासारख्या पाहणीतील ज्या भावंडांना वा मुलांना अजून झटका आलेला नाही आणि औषधही सुरू झालेले नाही, त्यांचे नमुने वर्षानुवर्षे तपासले, तर कोणता रेणू विकाराच्या आधी बदलतो हे पाहता येईल.