उद्यांच्या नगरांतील जाणें-येणें

मोठ्या शहरांत राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यांतील किती काळ कामाच्या जागीं पोहोंचण्यांत आणि तेथून परत घरीं येण्यांत जातो, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. धान्याचा भाव वाढला तर घरोघर चर्चा होते. घरभाडें वाढलें तर कुटुंब चिंतेंत पडतें. परंतु रोजचा प्रवास अर्ध्या तासानें लांबला तर तो दैवाचा भाग म्हणून मुकाट्यानें सोसला जातो. वास्तविक हा अर्धा तास मुलांच्या सहवासांतून, कामावर जाणाऱ्या स्त्रीच्या विश्रांतींतून व घरांतील सर्वांच्याच झोपेंतून काढलेला असतो. म्हणून नगरांतील जाण्यायेण्याचा प्रश्न इंजिनियरांवर सोंपवून स्वस्थ बसण्यासारखा नाहीं. गेल्या साठसत्तर वर्षांत या प्रश्नावर जगांतील अनेक संशोधकांनीं विचार केला आहे, आणि त्यांचे कांहीं निष्कर्ष सामान्य समजुतीच्या अगदीं उलट आहेत.

पहिला निष्कर्ष वेळेसंबंधीं आहे. याकोव्ह झहावी या अभ्यासकानें १९७० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या देशांतील शहरांचे आकडे एकत्र करून असें दाखविलें कीं, शहर श्रीमंत असो वा गरीब, तेथील माणूस प्रवासाकडे दिवसाचा सरासरीनें एक तासाच्या आसपास वेळ देतो. सेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञानें १९९४ सालीं हाच विचार पुढें नेला, आणि पायीं चालणाऱ्या माणसांची प्राचीन वस्तीहि याच तासाच्या मापानें पसरलेली दिसते, असें मांडलें. याचा अर्थ असा कीं, वाहन वेगवान झालें म्हणजे माणूस घरीं लवकर येतो असें नाहीं. तो अधिक दूर राहावयास जातो.

मुंबईचा इतिहास याची साक्ष देतो. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. १८७४ सालीं घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. १९०७ सालीं त्यांच्या जागीं विजेच्या ट्राम आल्या. १९२५ सालीं विजेवर चालणारी पहिली लोकल कुर्ल्यापर्यंत धांवली आणि १९२६ सालीं मोटार-बस रस्त्यावर आली. प्रत्येक सोयीबरोबर गिरगांव-काळबादेवीकडील बिऱ्हाडें उत्तरेस सरकत गेलीं. प्रथम दादर-माटुंग्यास, मग पार्ल्यास, मग बोरिवली-डोंबिवलीस. मोकळी हवा व स्वस्त जागा मिळाली हा लाभ खरा. परंतु वांचलेला वेळ वाढलेल्या अंतरानें गिळून टाकला. आज तर विरार, बदलापूर किंवा पनवेल येथून येणाऱ्या कित्येकांना जाऊन-येऊन तीन-तीन तास लागतात. मार्केटीचा तास येथें केव्हांच मागें पडला आहे.

दुसरा निष्कर्ष रस्त्यांसंबंधीं आहे. रस्त्यावर गर्दी झाली तर तो रुंद करावा, तेवढ्यानें न भागल्यास त्यावर पूल बांधावा, हा उपाय कोणालाहि सहज सुचतो. परंतु अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९६२ सालींच असें प्रतिपादिलें कीं, शहरांतील रुंद केलेला मार्ग गर्दीच्या वेळीं पुन्हां तुंबतो. यांत गूढ कांहींच नाहीं. रस्ता मोकळा झाला कीं, जे आडवाटेनें जात ते या रस्त्यावर येतात. जे खोळंबा टाळण्यासाठीं तासभर आधीं निघत ते सोयीच्या वेळीं निघूं लागतात. जे आगगाडीनें जात त्यांतील कांहीं आपली मोटार बाहेर काढतात. आणि कालांतरानें त्या रस्त्याच्या भरंवशावर दूरवर नवीं घरें उठतात. जिल ड्युरँटन व मॅथ्यू टर्नर यांनीं अमेरिकेतील शहरांच्या वीस वर्षांतील आकड्यांची छाननी करून २०११ सालीं हा सिद्धान्त मोजून दाखविला: महामार्गांची लांबी ज्या प्रमाणांत वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणांत मोटारींनीं तोडलेलें अंतर वाढतें.

याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट आढळली, व ती रेल्वेच्या पुरस्कर्त्यांनींहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. सार्वजनिक वाहनें वाढविल्यानें रस्त्यांवरील मोटारींची दौड कमी झाल्याचें या दोघांना दिसलें नाहीं. कारण एकानें मोटार सोडली तर त्याची रिकामी जागा दुसरा भरून काढतो. तेव्हां भुयारी रेल्वे झाली कीं रस्ते ओस पडतील, ही आशा फोल होय. आरेपासून कफ परेडपर्यंतची मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्यें पूर्णपणें खुली झाली; तिचें मोल वरच्या रस्त्यावर मोटारी किती उरल्या यावरून ठरविणें रास्त होणार नाहीं. रस्ता कितीहि तुंबला तरी हजारों माणसांना ठरल्या वेळीं ठरल्या जागीं पोहोंचविणें हें तिचें खरें काम आहे.

डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञानें १९६८ सालीं तर याहूनहि विलक्षण गोष्ट सिद्ध केली. रस्त्यांच्या जाळ्यांत एका नव्या रस्त्याची भर घातली, आणि प्रत्येक जण स्वतःपुरता जवळचा मार्ग निवडूं लागला, तर कांहीं परिस्थितींत सर्वांचाच प्रवास पूर्वीपेक्षां लांबतो. याची उलट बाजूहि आहे. दक्षिण कोरियाच्या सोल नगरांत एका जुन्या ओढ्यावर उभारलेला उंच मोटारमार्ग २००३ सालीं पाडण्यास घेतला आणि २००५ सालीं तो ओढा पुन्हां लोकांसाठीं खुला केला. शहर ठप्प होईल असें भाकित अनेकांनीं केलें होतें. तसें कांहीं झालें नाहीं.

मग खरा प्रश्न कोणता? तो जागेच्या वांटपाचा आहे. अमेरिकेतील नगर-वाहतूक अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनें दिलेल्या आकड्यांप्रमाणें दहा फूट रुंदीच्या एका पट्ट्यावरून खाजगी मोटारी तासाला ६०० ते १,६०० माणसें नेतात. तोच पट्टा केवळ बसगाड्यांसाठीं राखून ठेविला तर ४,००० ते ८,००० माणसें जातात. आणि तेवढ्याच रुंदीच्या पदपथावरून पायीं जाणारीं माणसें ८,००० ते ९,००० पर्यंत असूं शकतात. ज्या पदपथाला रस्ता रुंद करतांना प्रथम कात्री लागते, तोच माणसें वाहून नेण्यांत असा वरचढ ठरतो! शिवाय मोटार चालते तेव्हांच जागा व्यापते असेंहि नाहीं. डोनल्ड शूप या अध्यापकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, मोटार आपल्या आयुष्यांतील शेंकडा ९५ भाग नुसती उभी असते. ती जेथें उभी असते ती जमीन बहुधा सर्वांच्या मालकीची असते, आणि तिचें भाडें न चालविणारेहि भरीत असतात.

भारतांत हा विचार अधिकच लागू पडतो. २०११ च्या जनगणनेंत लोक कामावर कोणत्या साधनानें जातात हा प्रश्न विचारण्यांत आला, तेव्हां पायीं, सायकलीनें व बसनें जाणारांची संख्या मोटारीनें जाणारांच्या कितीतरी पट निघाली. केंद्र सरकारनें २००६ सालीं जाहीर केलेल्या नगर-वाहतूक धोरणांतहि, वाहनांची नव्हे तर माणसांची हालचाल सुलभ करावी, हें तत्त्व मान्य केलेलें आहे. तथापि तत्त्व कागदावर राहतें आणि पैसा पुलाकडे जातो, याचें कारण उघड आहे. पूल दुरून दिसतो. नीट बांधलेला पदपथ कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं.

जागेच्या या वांटपाचा परिणाम केवळ प्रवासावर होतो असेंहि नाहीं. डोनल्ड ॲपलयार्ड यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथील तीन सारख्या रस्त्यांचा अभ्यास केला. फरक एवढाच कीं एकावर रहदारी थोडी, दुसऱ्यावर मध्यम व तिसऱ्यावर फार होती. थोड्या रहदारीच्या रस्त्यावर राहणाराला आपल्याच रस्त्यावर सरासरीनें जितके स्नेही होते, त्याच्या एकतृतीयांशहि भरधांव रहदारीच्या रस्त्यावरील माणसाला नव्हते. ओट्यावरच्या गप्पा, मुलांचे खेळ, म्हाताऱ्यांची संध्याकाळची फेरी हीं सर्व मोटारींच्या ओघाबरोबर वाहून जातात, व शेजार नांवाची वस्तु हळूहळू नाहींशी होते.

रस्त्याची जागा थोडी व मागणारे फार, अशा वेळीं अर्थशास्त्र किंमत लावण्यास सांगतें. विल्यम व्हिक्री यांनीं १९५० नंतरच्या दशकांत गर्दीच्या रस्त्यांवर वेळेनुसार शुल्क घ्यावें असें सुचविलें, तेव्हां तें विक्षिप्तपणाचें वाटलें. सिंगापूरनें १९७५ सालीं तें अमलांत आणलें. स्टॉकहोम नगरानें २००६ सालीं जानेवारी ते जुलै असे सात महिने प्रयोग केला. शुल्काच्या सीमेवरील रहदारी शेंकडा २० च्या आसपास उतरली. प्रयोगापूर्वीं बहुसंख्य नागरिक विरोधांत होते. अनुभव घेतल्यावर सप्टेंबरांत झालेल्या सार्वमतांत शहरानें अनुकूल कौल दिला. न्यूयॉर्कमध्यें हीच पद्धत ५ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. शुल्क लावलें म्हणजे रस्ता धनिकाला मोकळा व गरिबाला बंद, असें होणार नाहीं काय? याचें उत्तर पैसा कोठें जातो यावर अवलंबून आहे. स्टॉकहोमनें शुल्क लावण्याच्या कांहीं महिने आधींच नव्या बसगाड्या सुरू केल्या होत्या. न्यूयॉर्कचें उत्पन्न आगगाड्या व बसगाड्यांच्या सुधारणेसाठीं राखलेलें आहे. पर्याय आधीं आणि शुल्क नंतर, हा क्रम सांभाळला तर बसनें जाणारा गरीबच त्यांत लाभतो. क्रम उलटला तर तो नुसता दंड होतो.

आतां नव्या वाहनांकडे वळूं गेल्यास, विजेची मोटार व चालकावांचून चालणारी मोटार या दोहोंविषयीं मोठ्या आशा बाळगल्या जातात. विजेची मोटार धूर सोडीत नाहीं हा तिचा गुण निःसंशय आहे. पण ती जागा पूर्वीइतकीच व्यापते. धूर गेला तरी खोळंबा तसाच राहील. चालकावांचून चालणाऱ्या मोटारीचा परिणाम आधींच अजमावावा म्हणून कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं एक मौजेचा प्रयोग केला व तो २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं १३ व्यक्तींना आठवडाभर फुकट शोफर दिला. त्या आठवड्यांत त्यांच्या मोटारींची दौड शेंकडा ८३ नीं वाढली. कांहीं फेऱ्यांत तर मालक गाडींत नव्हताच, गाडी एकटीच निरोपाला पाठविली होती. माणसें थोडीं असल्यानें या आकड्यास अंतिम मानूं नये. परंतु दिशा स्पष्ट आहे. मोबाईलवरून बोलावण्याच्या भाड्याच्या मोटारी आल्यावर खाजगी मोटारी घटतील असें म्हटलें जात असे. सॅन फ्रान्सिस्कोबद्दल २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, २०१० ते २०१६ या सहा वर्षांत वाढलेल्या खोळंब्याचें सर्वांत मोठें कारण त्याच ठरल्या. कष्ट कमी झाले कीं प्रवास वाढतो, हा डाउन्सचा नियम नव्या यंत्रांनाहि चुकत नाहीं.

याच्या उलट, ज्या उपायांत नवलाई थोडी तेच टिकाऊ ठरले आहेत. ब्राझीलमधील कुरिचिबा नगरांत जेमी लर्नर या वास्तुशास्त्रज्ञ नगराध्यक्षांच्या कारकीर्दींत १९७४ सालीं बसगाड्यांना स्वतंत्र मार्ग मिळाला. पुढें तिकीट आधींच काढण्याची व गाडीच्या उंचीच्या फलाटावरून चढण्याची सोय झाली. बोगोटा नगरानें २००० सालीं व अहमदाबादनें २००९ सालीं तोच मार्ग धरला. पुण्यांत २००६ सालीं प्रयोग झाला, दिल्लींत २००८ सालीं. पण स्वतंत्र मार्ग मध्येंच तुटत असला, त्यांत इतर वाहनें घुसत असलीं आणि स्थानकापर्यंत पोहोंचण्यास सुरक्षित वाट नसली, तर बस कशी वेगानें जाणार? दिल्लीचा मार्ग तर २०१६ सालीं मोडण्यांत आला. अर्धवट केलेल्या सुधारणेनें सुधारणेचीच बदनामी होते, हा त्यांतील धडा आहे.

उद्यांच्या नगरासाठीं कोणतीहि योजना पुढें आली तर तिला चार साधे प्रश्न विचारतां येतील. ती किती वाहनें नेईल हें न विचारतां किती माणसें नेईल? त्यासाठीं सर्वांच्या मालकीची किती जागा घेईल? जो मोटार विकत घेऊं शकत नाहीं, जो वृद्ध आहे, जो आंधळा आहे, जें मूल शाळेंत एकटें जातें, त्यांना तिचा उपयोग काय? आणि दहा वर्षांनीं, रस्ता पुन्हां भरल्यावर, तिच्यांतून काय उरेल? या प्रश्नांचीं उत्तरें देण्यास गणिताची फारशी गरज नाहीं. नागरिकांनीं तीं विचारण्याची आहे.

कारण वाहन कोणतेंहि असो, प्रत्येक प्रवास घराच्या उंबरठ्यापासून पायीं सुरू होतो आणि पायींच संपतो. लोकल, मेट्रो, बस, मोटार हीं सर्व त्या दोन चालण्यांच्या मधलीं साधनें आहेत. ज्या नगरांत हें पहिलें व शेवटचें चालणें निर्भय व सुखाचें असेल, तेथें मधल्या साधनांचा प्रश्न पुष्कळ सोपा होईल. आणि जेथें तें तसें नसेल, तेथें कितीहि पूल बांधले तरी घरीं वाट पाहणाऱ्या माणसांचा अर्धा तास परत मिळणार नाहीं.