शिष्यवृत्ती परीक्षेतील इंग्रजी उतारा : श्रवण व वाचन यांचा सराव

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करवून घेणाऱ्या बहुतेक शिक्षकांस एक अनुभव येतो. वर्गातील एखादा हुशार विद्यार्थी इंग्रजी उतारा न अडखळता, खणखणीत आवाजात वाचून दाखवितो. आपणास समाधान वाटते. परंतु त्याच उताऱ्याखालील चार प्रश्नांपैकी तीन प्रश्नांची उत्तरे तो चुकतो. मग आपण त्यास आणखी वाचावयास लावतो, आणखी दहा प्रश्नपत्रिका सोडवून घेतो, आणि तरीही गुणांत म्हणावी तशी वाढ होत नाही. विद्यार्थ्याचे श्रम वाया जातात व इंग्रजी हा आपला विषयच नव्हे अशी त्याची समजूत होऊन बसते. असे का होते व त्यावर साध्या खेडेगावच्या शाळेत कोणता उपाय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परीक्षेचे स्वरूप

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेतर्फे घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेची इयत्ता 2016-17 या वर्षी बदलली व चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ती घेण्यात येऊ लागली. इयत्ता कोणतीही असो, इंग्रजीच्या उताऱ्याची अडचण सारखीच राहते. परीक्षेतील दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांस तृतीय भाषा म्हणून इंग्रजीचे 25 प्रश्न 50 गुणांसाठी व बुद्धिमत्ता चाचणीचे 50 प्रश्न 100 गुणांसाठी सोडवावे लागतात. 75 प्रश्नांस 90 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नास सरासरी 72 सेकंद मिळतात. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय असतात व योग्य पर्यायाचे वर्तुळ काळे करावयाचे असते.

या परीक्षेत कानाने ऐकून उत्तर देण्याचा प्रश्न नसतो. त्यामुळे श्रवणाचा सराव म्हणजे वेळेचा अपव्यय, असे पुष्कळांस वाटते. परंतु खरा घोटाळा येथेच होतो. प्रश्नपत्रिकेत श्रवण दिसत नसले तरी उताऱ्याचे आकलन बव्हंशी त्यावरच उभे असते.

वाचन हा गुणाकार आहे

1986 साली फिलिप गफ व विल्यम टन्मर या दोन संशोधकांनी वाचनाविषयी एक सुटसुटीत सूत्र मांडले. त्यांच्या मते वाचून समजणे हा दोन गोष्टींचा गुणाकार होय. पहिली गोष्ट म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखता येणे आणि दुसरी म्हणजे ती भाषा कानी पडली असता तिचा अर्थ कळणे. ही बेरीज नव्हे, गुणाकार आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे. बेरजेत एक संख्या मोठी असली म्हणजे दुसरीची उणीव काही अंशी भरून निघते. गुणाकारात दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते.

मराठी वाचावयास शिकणाऱ्या मुलाच्या कानांत पाच-सहा वर्षांची मराठी साठलेली असते. त्यास फक्त अक्षरे द्यावयाची असतात. अक्षर लागले की अर्थ आपोआप उमटतो. इंग्रजीचे तसे नाही. 2000 सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. मुलाच्या हाती पुस्तक आले, अक्षरे आली; परंतु घरी, शेतावर, बाजारात इंग्रजी वाक्ये त्याच्या कानी पडत नाहीत. खेड्यातील मुलास समजेल अशा रीतीने, त्याच्याकडे पाहून, त्याच्याशी इंग्रजी बोलणारी व्यक्ती बहुधा एकच असते, आणि ती म्हणजे त्याचा शिक्षक. म्हणून वर सांगितलेल्या विद्यार्थ्यास अक्षरे येतात, पण अर्थ येत नाही.

दोष कोठे आहे हे कसे ओळखावे ?

उपाय करण्यापूर्वी उणीव कोणती हे पाहणे इष्ट होय. त्यासाठी सारख्याच काठिण्याचे, चाळीस-पन्नास शब्दांचे, मुलांनी पूर्वी न पाहिलेले दोन इंग्रजी उतारे व तेवढाच एक मराठी उतारा निवडावा. प्रत्येकावर चार प्रश्न काढावेत.

पहिला इंग्रजी उतारा विद्यार्थ्याने मनात वाचावा व उत्तरे द्यावीत. दुसरा उतारा आपण सावकाश दोनदा वाचून दाखवावा. विद्यार्थ्याच्या पुढे कागद नसावा. त्याने केवळ ऐकून उत्तरे द्यावीत. मराठी उताराही असाच ऐकवावा. उत्तरे मराठीत दिली तरी चालतील, कारण येथे आपणास समज तपासावयाची आहे, बोलणे नव्हे.

ऐकलेल्या इंग्रजी उताऱ्याची उत्तरे चांगली आली आणि वाचलेल्याची चुकली, तर त्या मुलाची भाषा बरी आहे, अक्षरवाचन कच्चे आहे. त्यास स्पेलिंग व शब्दवाचन यांचा सराव द्यावा. दोन्ही इंग्रजी उतारे चुकले आणि मराठी बरोबर आला, तर इंग्रजी भाषाच कानाशी बसलेली नाही. अशा मुलाकडून मोठ्याने वाचन कितीही करवून घेतले तरी उपयोग होणार नाही. मराठी उताराही चुकला, तर अवधान व प्रश्नाचा रोख ओळखणे यांकडे प्रथम लक्ष पुरवावे. तो सराव मराठीतूनच सुरू करणे सोपे जाते.

मराठी कानास पडणाऱ्या अडचणी

प्रस्तुत लेखात इंग्रजी शब्द व वाक्ये नागरी लिपीत दिली आहेत. वर्गात ती फळ्यावर अर्थातच इंग्रजी लिपीत लिहावीत.

मराठीत इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घत्व लिहिताना पाळले जाते, परंतु बोलताना त्यामुळे अर्थ क्वचितच बदलतो. इंग्रजीत 'शिप' म्हणजे जहाज व 'शीप' म्हणजे मेंढी. 'फिल' म्हणजे भरणे व 'फील' म्हणजे वाटणे. अशा जोड्या रोज दोन-तीन घ्याव्यात. आपण एक शब्द उच्चारावा. पहिला असेल तर मुलांनी एक बोट व दुसरा असेल तर दोन बोटे दाखवावीत. या खेळास तीन मिनिटे पुरतात.

संख्यांची गफलत तर नेहमीची. 'थर्टीन' व 'थर्टी', 'फिफ्टीन' व 'फिफ्टी' यांत मुले गोंधळतात. वाक्यात सुटे उच्चारताना तेरा-पंधराच्या शब्दांत जोर सहसा शेवटच्या भागावर येतो, तीस-पन्नासच्या शब्दांत तो पहिल्या भागावर असतो. हा फरक टाळी वाजवून दाखवावा.

भूतकाळाचा प्रत्यय लिहिताना एकच दिसतो, पण तीन रीतींनी ऐकू येतो : 'वॉक्ट', 'प्लेड' आणि 'वॉन्टिड'. मुले सर्वत्र 'एड' असे वाचतात. त्यामुळे ऐकलेले 'वॉक्ट' व पुस्तकात पाहिलेला शब्द हे एकच आहेत, हे त्यांस उमगत नाही.

वाक्यरचनेची अडचण याहून मोठी आहे. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते व नकारही तेथेच येतो. 'आजोबांनी दोर घेतला नाही' हे वाक्य ऐकताना मूल शेवटपर्यंत थांबते. इंग्रजीत नकार कर्माच्या आधीच येऊन जातो. मुलाचे लक्ष ओळखीच्या 'रोप' या शब्दाकडे जाते आणि नकार निसटतो. तद्वत आपले 'वर', 'खाली', 'मागे' हे शब्द नामानंतर येतात, इंग्रजीत ते नामापूर्वी येतात. यासाठी व्याख्येपेक्षा कृती बरी. 'पुट द स्लेट अंडर द बॅग', 'स्टँड बिहाइंड द डोअर', 'डू नॉट ओपन द बुक' अशा आज्ञा द्याव्यात व मुलांनी त्याप्रमाणे करावे. कोणास कळले व कोणी शेजाऱ्याकडे पाहून केले, हे शिक्षकाच्या लगेच ध्यानात येते.

एक उतारा : वर्गात कसा घ्यावा

नमुन्यादाखल पुढील उतारा घेऊ.

'मीना अँड हर ग्रँडफादर वेन्ट टू द वीकली मार्केट. द बस वॉज फुल, सो दे वॉक्ट. ग्रँडफादर बॉट सम सीड्स. ही डिड नॉट बाय द रोप. मीना लुक्ट ॲट द डार्क स्काय. "लेट अस गो होम क्विकली," शी सेड.'

प्रथम पुस्तके मिटलेली असावीत. आठवड्याच्या बाजाराविषयी मुलांशी दोन मिनिटे मराठीत बोलावे व 'सीड्स' आणि 'रोप' हे दोन शब्द वस्तू दाखवून सांगावेत. नंतर उतारा नेहमीच्या बोलण्याच्या ओघात, अर्थानुसार थांबत वाचावा. एकेक शब्द तोडून वाचू नये. त्यामुळे वाक्याचा आकार कानात बसत नाही. पहिल्या वाचनानंतर एकच प्रश्न विचारावा : कोण कोठे गेले ? दुसऱ्या वाचनापूर्वी सांगावे की, आजोबांनी काय घेतले व काय घेतले नाही तेवढे ऐका. ऐकण्यापूर्वी हेतू दिला म्हणजे अवधान टिकते.

यानंतर पुस्तक वा फळा उघडावा. शिक्षक वाचत असता मुलांनी ओळीखाली बोट फिरवावे. पुढच्या खेपेस त्यांनी मनात वाचावे. सर्वांनी एका सुरात ओरडून वाचण्याने आवाज वाढतो, अर्थ वाढत नाही.

शेवटी प्रश्न घ्यावेत. 'वॉट डिड ग्रँडफादर बाय ?' याचे उत्तर उताऱ्यात सरळ आहे; तरी 'रोप' हा पर्याय ठेवावा, म्हणजे नकार निसटणारे विद्यार्थी कळतात. 'व्हाय डिड दे वॉक ?' या प्रश्नास 'सो' या छोट्या शब्दाच्या अलीकडे पाहावे लागते. तिसरा प्रश्न असा : 'व्हाय डिड मीना वॉन्ट टू गो होम क्विकली ?' पर्याय पुढीलप्रमाणे देता येतील : तिला भूक लागली होती, बस भरलेली होती, पाऊस येईल असे तिला वाटले, आजोबा थकले होते. यांतील 'बस भरलेली होती' हे शब्द उताऱ्यात आहेत, म्हणून शब्द जुळविणारा विद्यार्थी तोच पर्याय निवडील. पाऊस हा शब्द उताऱ्यात कोठेही नाही; तथापि काळवंडलेले आकाश व घाई ही दोन वाक्ये जोडली म्हणजे तेच उत्तर निघते.

प्रत्येक उत्तरानंतर 'कशावरून ?' असे अवश्य विचारावे व विद्यार्थ्याने उताऱ्यातील त्या वाक्यावर बोट ठेवावे. उत्तर बरोबर आले असले तरी हा प्रश्न सोडू नये, कारण चार पर्यायांत अंदाजाने बरोबर येण्याचा संभवही असतोच. चुकीचे तीन पर्याय का चुकीचे, हेही मुलांनीच सांगावे. आठवीच्या परीक्षेत काही प्रश्नांस दोन अचूक पर्याय असत. अशा प्रश्नांसाठी ही सवय विशेष उपयोगी पडते.

आठवड्याची वाटणी

द्विशिक्षकी शाळेत वेळ अपुरा असतो हे मान्य केले पाहिजे. रोज वीस मिनिटे मिळाली तरी पुरे. सोमवारी आज्ञा, शब्दांच्या जोड्या व नवा उतारा ऐकणे. मंगळवारी तोच उतारा ऐकत ऐकत वाचणे. बुधवारी प्रश्न व पुरावे. गुरुवारी मुलांनी स्वतः एकमेकांसाठी प्रश्न काढणे. शुक्रवारी नवा उतारा घड्याळ लावून सोडविणे. शनिवारी चुकांची उजळणी. एका वर्गास तोंडी पाठ चालू असता दुसऱ्या वर्गास लेखी काम द्यावे व दुसऱ्या दिवशी क्रम उलटवावा. पूर्ण प्रश्नपत्रिकांचा भर शेवटच्या महिन्या-दीड महिन्यासाठी राखून ठेवावा. प्रश्नपत्रिका सोडविणे हे मोजमाप आहे. रोज वजन केल्याने गुरे पुष्ट होत नाहीत.

आपला उच्चार

'माझाच उच्चार शुद्ध नाही, मी मुलांस काय ऐकवू ?' असे पुष्कळ शिक्षकबंधू-भगिनी संकोचाने म्हणतात. हा संकोच प्रामाणिक आहे, परंतु त्यामुळे मुले मुळीच ऐकेनाशी होतात, हे अधिक हानिकारक होय. विलायती सुराची आवश्यकता नाही. स्पष्ट उच्चार, योग्य ठिकाणी विराम व योग्य शब्दावर जोर, एवढे साधले तरी मुलांचे काम होते. शंका असलेला शब्द आदल्या दिवशी पाहून ठेवावा. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत दिलेल्या क्यूआर संकेतांवरून 'दीक्षा'वरील जे साहित्य उघडता येते, त्यांतील ध्वनियुक्त पाठ घरी एकदा ऐकून यावा व जमल्यास वर्गात ऐकवावा. मात्र भ्रमणध्वनी लावून देऊन आपण बाजूस होऊ नये. यंत्र मुलाचा चेहरा पाहून वाक्य पुन्हा सांगत नाही, शिक्षक सांगतो.

वर सांगितलेली तपासणी जून अखेर, दिवाळीनंतर व परीक्षेपूर्वी अशी तीन वेळा करून प्रत्येक विद्यार्थ्याचे वाचलेल्या व ऐकलेल्या उताऱ्याचे गुण शेजारी शेजारी एका वहीत नोंदवावेत. शिष्यवृत्ती थोड्यांनाच मिळते. परंतु ऐकलेले इंग्रजी वाक्य समजू लागलेला विद्यार्थी परीक्षेत यशस्वी झाला नाही तरी पुढील इयत्तेत पुस्तक मिटून बसत नाही. म्हणून ही नोंद व हा सराव निवडक चार मुलांपुरता न ठेवता सबंध वर्गासाठी करावा, अशी शिक्षकांस विनंती आहे.