दिसणारी अक्षरे सर्वांना वाचता येतात का?

संकेतस्थळ उभारताना आपण त्याच्या रूपाचा पुष्कळ विचार करतो. रंग कोणता असावा, छायाचित्रे कोणती घ्यावीत, अक्षरे सुबक दिसतात का, यावर चर्चा होते. परंतु ज्या व्यक्तीला पडदा दिसत नाही, जिला ऐकू येत नाही किंवा जिचे हात माऊस धरू शकत नाहीत, ती हे संकेतस्थळ कसे वापरणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होत्या. परीक्षेचा निकाल, रेल्वेचे आरक्षण, बँकेचा व्यवहार ही सर्व कामे आता संकेतस्थळावरून होतात. म्हणून हा प्रश्न त्यांच्या दैनंदिन जीवनाशी निगडित झाला आहे.

अंध व्यक्ती संगणक कसा वाचते?

पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीस ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर तयार करण्यास प्रारंभ केला. तो विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. मात्र त्याला वाचण्याजोगा मजकूर मिळाला पाहिजे.

मराठी संकेतस्थळांची खरी अडचण येथेच आहे. अनेक वर्षे आपल्याकडे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरले गेले. त्यांत पडद्यावर देवनागरी अक्षर दिसते. पण संगणकाच्या लेखी ते रोमन लिपीतील एखादे अक्षर वा चिन्हच असते. डोळस वाचकाला बातमी दिसते, तर स्क्रीन रीडर निरर्थक रोमन अक्षरांची मालिका वाचतो. युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा निश्चित संकेत असल्याने ही अडचण दूर होते. देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ सालीच झाला होता. तरीही जुन्या फॉन्टमधील मजकुराची अनेक पाने आजही तशीच आहेत.

दुसरी अडचण चित्ररूप मजकुराची. सही-शिक्क्याच्या परिपत्रकाचे छायाचित्र काढून ते संकेतस्थळावर टाकले, की काम झाले असे आपण समजतो. स्क्रीन रीडरला मात्र ते केवळ एक चित्र असते. त्यातील तारीख, वेळ आणि स्थळ अंध वाचकापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी तोच मजकूर टंकित करून सोबत द्यावा.

संपादकाने काय करावे?

यांतील बरेचसे काम तंत्रज्ञाचे नसून मजकूर लिहिणाऱ्याचे आहे. प्रत्येक महत्त्वाच्या छायाचित्राला एका वाक्याचे वर्णन जोडावे. मथळा केवळ ठळक व मोठा करून भागत नाही. तो मथळा म्हणूनच नोंदवावा. मग स्क्रीन रीडर वापरणारा वाचक एका कळीने एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जाऊ शकतो. ‘येथे टिचकी द्या’ असे दहा दुवे एका पानावर असतील, तर कोणता दुवा कुठे नेतो हे कळत नाही. त्याऐवजी ‘प्रवेश अर्ज’ किंवा ‘दवाखान्याची वेळ’ असे लिहावे. पानाची भाषा मराठी असल्याची नोंदही करावी. त्यावरून स्क्रीन रीडर मराठी उच्चार निवडतो.

अंधत्वाखेरीज इतर गरजाही आहेत. कर्णबधिरांसाठी चित्रफितीखाली शब्द द्यावेत. ज्यांना माऊस वापरता येत नाही, त्यांना केवळ कळफलकाच्या साहाय्याने प्रत्येक दुव्यापर्यंत व रकान्यापर्यंत जाता आले पाहिजे. मंद दृष्टीच्या वाचकांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ‘लाल रकाने भरणे अनिवार्य’ एवढेच लिहिले, तर रंगांधळ्या व्यक्तीला ते उमगत नाही; तेथे शब्दही हवा. एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लुकलुकणारे चित्र काहींना अपस्माराचा झटका आणू शकते.

उपकार नव्हे, हक्क

२००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळाविरुद्ध ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९ साली ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. चित्रांना वर्णन नव्हते आणि निकालांचे तक्ते त्यांना वाचता येत नव्हते. बदलासाठी फार खर्च व वेळ लागेल, असे आयोजकांनी सांगितले. आयोगाने ते मान्य केले नाही आणि पुढे २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई देण्याचा आदेश दिला. सुगम्यतेचा विचार आरंभीच करावा, हा या प्रकरणाचा धडा आहे.

भारतातही २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती व संपर्क साधनांची सुगम्यता हा शासनाच्या कर्तव्याचा भाग ठरवला आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला.

आपल्या संस्थेचे संकेतस्थळ असल्यास दोन साध्या चाचण्या आजच करून पाहाव्यात. माऊस बाजूला ठेवून केवळ ‘टॅब’ कळीने पान फिरून पाहावे. नंतर पानावरील एक परिच्छेद उचलून साध्या नोटपॅडमध्ये उतरवावा. तेथे मराठी तशीच राहिली, तर ती अक्षरे स्क्रीन रीडरलाही वाचता येतील. तेथे रोमन अक्षरे उमटली किंवा परिच्छेद उचलताच आला नाही, तर आपली सूचना काही वाचकांपर्यंत अद्याप गेलेलीच नाही, असे समजावे आणि ते पान प्रथम दुरुस्त करावे.