प्लग काळा का पडतो?

कार्बोरेटरची जुनी मोटारसायकल स्लोला टिकत नाही, पेट्रोलचा वास येतो. अशी गाडी आली की कोल्हापूरच्या उद्यमनगरातला मिस्त्री आधी प्लग काढून पाहतो. आपणही पाहू. प्लगवर कोरडी, मऊ काजळी असेल तर पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते आहे. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे साधारण साडेबारा लिटर हवा लागते. ती कमी पडली की न जळलेला कार्बन मागे उरतो.

आता कारण शोधू. एका वेळी एकच गोष्ट बदलून. चोक ओढलेला राहिला आहे का? एअर फिल्टर धुळीने बुजला आहे का? दोन्ही ठीक असतील तर कार्बोरेटरमधला फ्लोट पाहू. तो पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा असतो. त्याची सुई नीट बसली नाही तर पेट्रोलची पातळी चढते. स्लोचा स्क्रू सर्वांत शेवटी.

त्रास पन्हाळ्यावरच वाढतो का? तिथे, सुमारे ४०० मीटर वर, हवा जवळजवळ ४ टक्क्यांनी विरळ असते.

अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू बनतो. म्हणून बंद खोलीत इंजिन कधीही चालवू नये. वर्गात जुना काळा प्लग दाखवला तरी पुरे.