वीज गेल्यानंतरची काही मिनिटे

आपल्या शाळेच्या कार्यालयात, कपाटांच्या मागे, एका लोखंडी मांडणीवर एक सर्व्हर अहोरात्र सुरू असतो. माजी विद्यार्थी भेटीस आले की त्यांना ग्रंथालय दाखविले जाते, नवे भोजनगृह दाखविले जाते. या यंत्राकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु दाखल-खारीज रजिस्टरच्या जुन्या पानांच्या प्रतिमा, परीक्षांचे निकाल आणि वसतिगृहाचे हिशेब आज त्यातच आहेत. जात पडताळणीसाठी ज्यांना वडिलांची वा आजोबांची शाळेतील नोंद शोधत वणवण करावी लागली, त्यांना अशा एका ओळीचे मोल वेगळे सांगावयास नको. वाळवी, पाऊस आणि आग यांनी दस्तऐवज नष्ट होतात, हे मी इतिहासाचा शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे सांगत आलो. नुसती वीज गेल्यानेही ते नष्ट होऊ शकतात, हे मात्र उशिरा शिकलो.

काही वर्षांपूर्वीची उन्हाळ्यातील एक रात्र. वीज गेली, पण सर्व्हर वसतिगृहाच्या मोठ्या इन्व्हर्टरवर जोडलेला असल्याने आम्ही निर्धास्त होतो. जादा वर्गांसाठी थांबलेल्या मुलांचे पंखे त्याच इन्व्हर्टरवर फिरत राहिले, पहाटे बॅटरी संपली आणि सर्व्हर चालत्या कामात जागच्या जागी बंद पडला. दिवसभरात स्कॅन केलेल्या पानांची सूची तो त्या वेळी तयार करीत होता. सकाळी यंत्र सुरू झाले, परंतु नोंदींचा डेटाबेस उघडेना. दोन आठवड्यांच्या नोंदी वह्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या. मुलांचे पंखे बंद करावयास हवे होते, असे मला आजही वाटत नाही. चूक जोडणीत होती.

असे का होते? संगणक प्रत्येक अक्षर तत्क्षणी डिस्कवर लिहीत नाही. वेग साधण्यासाठी तो काही मजकूर थोडा वेळ स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, धरून ठेवतो आणि मग एकत्र लिहितो. वीज गेली की रॅम कोरी होते. अर्धे लिहिलेले अर्धेच राहते. यावर उपाय म्हणून आजच्या प्रणाली आपल्या जुन्या हिशेबनिसांचीच रीत पाळतात: आधी रोजकीर्दीत टिपायचे, मग खतावणीत चढवायचे. मध्येच खंड पडला तर रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. बहुधा हे साधते. पण डिस्कच्याही पोटात तात्पुरती साठवण असते, आणि रोजकीर्दीचे पान तेथेच अडकले असेल तर सारेच मुसळ केरात.

म्हणून सर्व्हरला यूपीएस लागतो. मात्र त्याचे काम वीज नसताना कचेरी चालू ठेवणे हे नव्हे. यंत्राला हातचे काम आवरून नीट बंद होण्याइतका अवधी देणे, एवढेच आहे. पंखे-दिव्यांसाठी केलेला साधा इन्व्हर्टर वीज देतो, पण ‘आता मी संपत आलो’ हा निरोप सर्व्हरला देत नाही. आमच्याकडे त्या रात्री बॅटरी होती, निरोप नव्हता. चांगल्या यूपीएसच्या मागे यूएसबीचे छिद्र असते. अनेक कचेऱ्यांत त्याची तार खोक्यातच पडून राहिलेली मी पाहिली आहे. ती जोडली की विंडोज प्रणालीला यूपीएसची बॅटरी लॅपटॉपच्या बॅटरीसारखी दिसू लागते आणि ती किती उरली असता बंद व्हायचे, हे ठरविता येते. लिनक्ससाठी ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ ही विनामूल्य आज्ञावली आहे. एका यूपीएसवर अनेक यंत्रे असतील तर ती निरोप सर्वांना पोहोचविते आणि इतर यंत्रे बंद झाल्यावरच मुख्य यंत्र बंद करते.

वेळेचा हिशेब मात्र सावधपणे करावा. लहान यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची एक बॅटरी असते, म्हणजे 84 वॉट-तास. 120 वॉटच्या सर्व्हरला ती कागदावर 42 मिनिटे पुरते. प्रत्यक्षात भराभर उपसल्यास शिसे-आम्लाची बॅटरी पुष्कळच कमी देते, शिवाय रूपांतरात काही वीज वाया जाते. 15 मिनिटे मिळाली तरी समाधान मानावे. आमचा सर्व्हर बंद होण्यास 2 मिनिटे घेतो. म्हणून 3 मिनिटे वाट पाहून तो आपोआप बंद व्हावा, असे आम्ही ठरविले. वीज लगेच येईल या आशेवर अधिक थांबण्यात अर्थ नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईसारख्या शहराची वीज सकाळी गेली आणि लोकल गाड्याही जागीच थांबल्या. मग आपली काय कथा? आणखी एक: लेझर प्रिंटर त्या यूपीएसवर जोडू नये. तापताना तो एकदम इतकी वीज ओढतो की लहान यूपीएस भार सहन न होऊन बंद पडतो.

सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसनेही आपला पुरवठा तोडावा, अशी सूचना त्यास देता येते. ती न दिल्यास आणि वीज मध्येच परतल्यास सर्व्हरच्या लेखी वीज गेलेलीच नसते. कोणी बटण दाबेपर्यंत तो तसाच पडून राहतो.

एवढे केल्यावर चाचणी घ्यावीच. नोंदींची प्रत आधी अन्यत्र काढावी, कारण यूपीएस म्हणजे दुसरी प्रत नव्हे. मग रविवारी, कचेरीत काम नसताना, भिंतीवरील स्विच बंद करावा. प्लग उपटू नये, त्याने अर्थिंगही तुटते. आमच्या पहिल्या चाचणीत निरोप गेला, पण डेटाबेस बंद होण्यापूर्वीच बॅटरीने मान टाकली. ती पाच वर्षांची होती. 25 अंशांपुढील उष्णता अशा बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटविते आणि आपल्याकडचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. आता नवी बॅटरी बसविताना तिच्यावर जाड पेनाने तारीख लिहितो, दर तीन वर्षांनी ती बदलतो आणि शिसे विषारी असल्याने जुनी बॅटरी विक्रेत्यासच परत देतो. चाचणी दर सहा महिन्यांनी होते. स्विच बंद करण्याचे काम नववीच्या मुलींकडे असते. त्या घड्याळ धरून वेळ मोजतात आणि कार्यालयाच्या वहीत नोंदवितात.