घामावर भरवसा, गुडघ्यांची भीती

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातलं वजन, तंतोतंत सारखा: २२.३. काट्यावर पाहिलं तर दोघंही उत्तम. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन धावणारे गृहस्थ. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम मात्र रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती गाठण्याचा, असं लेखातच मोकळेपणानं सांगितलेलं होतं. जन्माच्या वेळी वजन कमी असणं, हेही फरकाचं एक कारण असू शकतं, असंही त्यात नोंदवलं होतं.

हा फोटो आपल्याकडच्या प्रत्येक व्यायामशाळेत आणि प्रत्येक दवाखान्यात लावला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कारण ‘तो तर काडीपैलवान, त्याला कशाला हवा व्यायाम?’ हे अजून घरोघरी म्हटलं जातं. युरोपीय माणसाच्या तुलनेत तेवढ्याच वजनाच्या भारतीय शरीरात साधारणपणे स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी जास्त असते. म्हणून मधुमेह आपल्याला कमी वजनातही गाठतो. भारतीयांसाठी बीएमआय २३ झाला की वजन जास्त धरतात ते यामुळेच, आणि कमरेचा घेर पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रियांनी ८० च्या आत ठेवावा असं सांगतात. घरात शिवणाची टेप असेल तर ही तपासणी आजच होईल.

व्यायामाबद्दलच्या आपल्या समजुती एकत्र मांडून पाहिल्या की एक गोष्ट जाणवते. ज्या खुणांवर विसंबू नये त्यांवर आपण विसंबतो आणि ज्या गोष्टींना भ्यायचं कारण नाही त्यांना भितो. खरा धोका असतो तो बसून राहिलेल्या शरीरानं एकाएकी लावलेल्या जोराचा. त्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष नसतं.

‘घाम गाळला की चरबी वितळते’

घाम ही शरीर थंड ठेवायची सोय आहे. पोटाला प्लास्टिक गुंडाळून किंवा रेनकोटसारखा सूट घालून धावलं की काटा किलोभर खाली येतो, पण गेलेलं असतं ते पाणी. घरी येऊन पाणी प्यायलं की वजन परत जागेवर. शिवाय घाम सुकायला वाव मिळाला नाही तर शरीर थंडच होत नाही. एप्रिल-मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे असा सूट घालून पळणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं.

मग चरबी जाते कुठे? २०१४ मध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी याचा चोख हिशेब मांडला. दहा किलो चरबी शरीरानं पूर्ण जाळली, तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबी मुख्यतः नाकातोंडावाटे जाते. अर्थात बसल्या जागी भराभर श्वास घेऊन हे होत नाही. आधी स्नायूंनी काम करून इंधन जाळावं लागतं.

तेही कुठलं जाळायचं हे आपण ठरवू शकत नाही. पोटाचे व्यायाम केल्यानं नेमकी पोटाचीच चरबी उतरत नाही. १९७१ साली टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून पाहिले होते. वर्षानुवर्षं रॅकेट चालवलेला हात स्नायूंनी भरलेला, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच.

‘दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही तर व्यायाम लागलाच नाही’

सिंहगड पहिल्यांदा चढून आलेल्या माणसाला दोन दिवसांनी जिना उतरताना पाहा. कठडा धरून, तोंड वाकडं करत तो एकेक पायरी उतरतो आणि विचारलं तर सांगतो, पायात लॅक्टिक ॲसिड साठलंय. ते तर श्रम थांबल्यावर तास-दीड तासात रक्तातून निघून गेलेलं असतं. हे दुखणं उशिरा सुरू होतं आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं, कारण ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं आणि त्यांच्या दुरुस्तीचं असतं. आणि गंमत अशी, की दम चढताना लागला तरी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचा भार सावरून धरत असतो. असं काम तंतूंना जास्त दुखावतं. पंधरा दिवसांनी तोच गड पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं, कारण स्नायू तेवढ्यात सावध झालेले असतात. म्हणजे ठणका हा नवखेपणाचा पुरावा आहे. त्यावरून व्यायामाचा फायदा मोजता येत नाही.

हे मी एवढ्या आग्रहानं सांगतो, कारण दुखेपर्यंत करत राहण्याच्या हट्टातून खरोखर गंभीर आजार होतो. सवय नसताना एकदम शेकडो बैठका मारल्या, की स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडांवर भार टाकतात. मांड्या टणक सुजल्या, पाय हलवणं अवघड झालं आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. उद्यापर्यंत वाट पाहायची नाही. मुलांना शिक्षा म्हणून ढीगभर उठाबशा काढायला लावणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे माहीत असलं पाहिजे. तालमीतला जाणता वस्ताद नव्या पोराकडून पहिल्या दिवशी मोजकेच जोर काढून घेतो आणि पुढे आठवड्या-आठवड्यानं आकडा वाढवत नेतो. शरीरविज्ञानाचा सल्लाही याहून वेगळा नाही.

‘धावल्यानं गुडघे झिजतात’

ही भीती फार पसरलेली आहे आणि तिनं फार माणसांना खुर्चीत बसवून ठेवलं आहे. गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. भार पडला की स्पंजासारखा तिच्यातला द्रव पिळून निघतो, भार गेला की नवा द्रव शोषला जातो. हालचालच नसेल तर कूर्चा उपाशी राहते. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के निघालं, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी अतोनात धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. ज्यांचे गुडघे दुखत नाहीत असेच लोक धावत राहतात, हेही या फरकामागचं एक कारण असेल. पण बेतानं धावल्यानं गुडघे जातात, याला मात्र आधार मिळत नाही.

आणि ज्यांना संधिवात झालेलाच आहे? त्यांच्यासाठी मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ देणारे व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. ‘गुडघे दुखतात म्हणून चालणं सोडलं’ या निर्णयामुळे स्नायू रोडावतात, वजन वाढतं आणि गुडघे आणखी दुखतात. गुडघा सुजलेला असेल, मध्येच अडकत असेल किंवा अंगाचा भार घेत नसेल, तर मात्र आधी डॉक्टर.

‘व्यायाम करताना हार्ट अटॅक येतो, त्यापेक्षा नकोच’

जिममध्ये कुणी प्रसिद्ध माणूस कोसळल्याची बातमी आली, की आठवडाभर हे ऐकू येतं. बातमी खरी असते आणि धोकाही खोटा नसतो. तो कुणाला असतो हे पाहायला हवं. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हृदयविकाराचा झटका आलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांना झटक्याच्या आधीच्या तासात त्यांनी काय केलं ते विचारलं होतं. जे आठवड्यातून एकदाही जोराचे श्रम करत नसत, त्यांच्यात अशा श्रमांनंतरच्या तासात झटक्याचा धोका एरवीच्या १०७ पट होता. जे आठवड्यातून पाच वेळा किंवा जास्त व्यायाम करत, त्यांच्यात फक्त २.४ पट. एका तासापुरता धोका शेवटी छोटाच असतो. पण १०७ आणि २.४ यांतला फरक नियमित सवयीचा आहे.

म्हणून मला काळजी वाटते ती रोज अर्धा तास भरभर चालणाऱ्या आजोबांची नाही. वर्षभर संगणकासमोर बसून गणेशोत्सवात सोसायटीच्या रस्सीखेचीला उतरणाऱ्या, किंवा मित्रांच्या आग्रहाखातर एकदम हरिश्चंद्रगडाला निघालेल्या पंचेचाळिशीच्या माणसाची वाटते. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, घरात कुणाला लहान वयात झालेला हृदयविकार, यांपैकी काही असेल तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी. बाकीच्यांनी चालण्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. वेग किती? चालता चालता बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. २२० मधून वय वजा करून नाडीचा आकडा काढतात तो फक्त सरासरी अंदाज आहे. त्यापेक्षा ही बोलण्याची कसोटी सोपी. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं सावकाश, शेवटची तशीच.

रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत, हा आकडाही विज्ञानातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानच्या एका कंपनीनं ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आणलं. ‘मानपो’ म्हणजे दहा हजार पावलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचा मृत्युदर बराच कमी दिसला, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फरक पडेनासा झाला. चार हजारांवर थांबलेल्या आजींनी खट्टू व्हायचं काही कारण नाही.

‘वजनं उचलणं बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं काम नाही’

वजनं उचलल्यानं बाईचं शरीर पुरुषी होत नाही. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरुषांत अनेक पटींनी जास्त असतं, आणि त्यांनाही दंड कमवायला वर्षं लागतात. उलट पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होऊ लागतात, तेव्हा त्यांना भाराची गरज असते. ‘घरकामात होतोच की व्यायाम’ हे अर्धं खरं आहे. जिने चढणं, दमसास लागेल असं झाडणं-पुसणं धरता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये, व्यायाम सलग दहा मिनिटं तरी हवा, ही जुनी अटही काढून टाकली आहे. पण तासभर ओट्यापाशी उभं राहण्यानं श्वास वाढत नाही, ताकदही वाढत नाही. थकवा मात्र भरपूर येतो.

वयाचं म्हणाल तर १९९० साली बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठ आठवडे पायांनी वजनं उचलण्याचा व्यायाम सुरू केला. ज्यांनी तो पुरा केला त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मोठ्या माणसांसाठी असा आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचे व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही. तोलाचं आपण विसरूनच जातो. ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न लावता उठणं, एवढ्यानं सुरुवात होते. म्हातारपणी पडून खुबा मोडणं किती महागात जातं, हे पुष्कळ घरांनी पाहिलेलं आहे.

शेवटचा गैरसमज सगळ्यांत जीवघेणा. व्यायाम करताना किंवा नंतर छातीत दाब, जडपणा, जळजळ, ती कळ जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात उतरणं, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन आडवं होणाऱ्यांचा मोलाचा तास असाच निघून जातो. स्त्रियांना आणि मधुमेह असलेल्यांना तर छातीत कळ न येता नुसता दम, मळमळ किंवा कमालीचा थकवा एवढंच जाणवू शकतं. व्यायाम तिथेच थांबवायचा, बसायचं, सोबतच्या माणसाला सांगायचं आणि १०८ ला फोन करायचा. स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जायचं नाही. ईसीजी काढून गॅसच निघाला, तर उत्तम.