वुड्स होल येथील विद्यार्थिजीवन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसॅचूसेट्स राज्यात, केप कॉड द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य टोकाशी वुड्स होल हे गाव आहे. तेथील सागरी जीवविज्ञान प्रयोगशाळा (स्थापना १८८८) संशोधनाइतकीच आपल्या उन्हाळी अभ्यासक्रमांसाठी प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे आलेल्या विद्यार्थ्याला जिवंत प्राण्याचे निरीक्षण व संशोधकांचे नित्य सान्निध्य या दोन गोष्टी एकाच ठिकाणी लाभत.

या परंपरेचा आरंभ लूई ॲगॅसिझ यांनी १८७३ मध्ये जवळच्या पेनिकीझ बेटावर भरविलेल्या उन्हाळी वर्गात झाला. पुस्तकांऐवजी प्रत्यक्ष निसर्गाचा अभ्यास करावा, ही त्यांची शिकवण होती. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले व १८७४ नंतर तो वर्ग बंद पडला. पुढे बॉस्टनमधील स्त्री-शिक्षण मंडळाच्या साहाय्याने ॲनिस्क्वाम येथे चाललेल्या प्रयोगशाळेतून वुड्स होलची संस्था उभी राहिली. पहिले संचालक चार्ल्स ओटिस व्हिटमन (कार्यकाल १८८८–१९०८) यांनी इटलीतील नेपल्सच्या प्राणिवैज्ञानिक केंद्रात काम केले होते. ते केंद्र प्रामुख्याने संशोधकांसाठी होते. व्हिटमन यांनी मात्र संशोधनाला अध्यापनाची जोड दिली.

अपृष्ठवंशी प्राणी, वनस्पतिविज्ञान, शरीरक्रियाविज्ञान (१८९२) व भ्रूणविज्ञान (१८९३) हे विषय शिकविले जात. व्याख्यानानंतर उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकापाशी जाई. ठरावीक दिवशी विद्यार्थी नौकेतून बझर्ड्‌स उपसागर वा व्हिन्यर्ड सामुद्रधुनीत जाऊन जाळ्याने तळ खरवडीत. ओहोटीच्या वेळी खडक व वाळू धुंडाळीत. तारामीन, माकुळ, नालखेकडा, गोगलगायी असे नमुने वाहत्या समुद्रजलाच्या टाक्यांत जिवंत ठेवले जात. भोजन सामाईक भोजनगृहात होई. तेथे नवखा विद्यार्थी व नामांकित प्राध्यापक यांची गाठ पडे. शुक्रवारी सायंकाळच्या व्याख्यानांतून चालू संशोधनाचा परिचय होई.

अभ्यासाचे वेळापत्रक बव्हंशी प्राण्यांच्या प्रजननकालावर अवलंबून असे. आर्बेशिया या सागरी अर्चिनाची अंडी उन्हाळ्यात विपुल मिळतात. सु. ०·०७५ मिमी. व्यासाच्या या अंड्यावर शुक्राणूंचे पाणी टाकताच एकदोन मिनिटांत त्याभोवती फलन-पटल उचलले जाते आणि २३° से. तापमानास सु. ५० मिनिटांत अंड्याचे दोन भाग होतात. विद्यार्थ्याला हे सर्व एका बैठकीत पाहता येई. शुक्राणूंचा स्पर्श झालेली एखादी नळी चुकून दुसऱ्या पात्रात बुडाली, तर तुलनेसाठी ठेवलेली अफलित अंडीही फलित होत व दिवसाचे काम वाया जाई. म्हणून काचपात्रे कसोशीने धुणे हा शिक्षणाचा पहिला धडा ठरे. जाक लब यांनी १८९९ मध्ये येथेच अर्चिनाच्या अंड्यांत शुक्राणूंविना, केवळ समुद्रजलातील क्षारांचे प्रमाण बदलून, विकास घडवून आणला होता.

नीरिस या वलयी कृमीसाठी रात्री धक्क्यावर जावे लागे. उन्हाळ्यात पौर्णिमेच्या सुमारास सुरू होऊन अमावास्येनंतर काही दिवसांपर्यंत, सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात हे कृमी पृष्ठभागावर येतात. कंदिलाच्या उजेडात लाल रंगाचे चपळ नर, मोठ्या व फिकट रंगाच्या माद्यांभोवती फेर धरतात. त्यांना हातजाळीने पकडून त्याच रात्री प्रयोग सुरू करीत. फ्रँक लिली व अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांनी या प्रजननाचे वर्णन १९१३ मध्ये प्रसिद्ध केले.

आरंभापासून स्त्रियांना येथे प्रवेश होता. कॉर्नेलिया क्लॅप १८८८ च्या पहिल्याच सत्रात आल्या व १९१० मध्ये विश्वस्त झाल्या. पुढे लेखिका म्हणून ख्याती मिळविलेल्या गर्ट्रूड स्टाइन यांनी १८९७ मध्ये भ्रूणविज्ञानाचा वर्ग केला. तथापि या मोकळेपणाला मर्यादा होत्या. हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय अध्यापक जस्ट १९०९ मध्ये विद्यार्थी म्हणून आले, नंतरची सु. वीस वर्षे ते बहुतेक प्रत्येक उन्हाळ्यात येत राहिले. सागरी अंडी हाताळण्यात त्यांचा सल्ला इतर संशोधक घेत असत. परंतु वर्णभेदामुळे गौरवर्णीयांच्या विद्यापीठांत त्यांना योग्य पद मिळाले नाही. १९३० नंतर त्यांनी वुड्स होल सोडून यूरोपात काम केले. ज्या संस्थेत शिष्य व गुरू एकाच बाकावर बसत, तीही समाजातील भेदांपासून पूर्णतः अलिप्त नव्हती, हे यावरून दिसते.

लाकडी इमारतींच्या जोडीला १९१४ मध्ये व त्यानंतर विटांच्या मोठ्या इमारती झाल्या. २०१३ मध्ये संस्था शिकागो विद्यापीठाशी संलग्न झाली. साधने बदलली, तरी भ्रूणविज्ञान व शरीरक्रियाविज्ञान यांचे उन्हाळी वर्ग चालू आहेत. जिवंत अंड्यासमोर बसून प्रश्न विचारण्याची पद्धतही तेथे टिकून आहे.